घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

देवळा १९९९ साली तालुक्याचे गाव झाले. कचेऱ्या आल्या, नोकरदार स्थायिक होऊ लागले आणि घरांचे व्यवहार वाढले. व्यवहाराची रीत मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली. पंचांसमोर पैसे मोजावयाचे, मुद्रांकावर मजकूर लिहून नोटरीचा शिक्का घ्यावयाचा आणि घरपट्टी आपल्या नावावर लावून घ्यावयाची, की घर आपले झाले, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी घालून असेच एक घर घेतले. विकणारा गृहस्थ सज्जन होता; परंतु घर त्याच्या दिवंगत वडिलांचे होते. तोही वारल्यावर त्याच्या बहिणींनी आपला हिस्सा मागितला. गुरुजींच्या हाती नोटरीचा कागद आणि घरपट्टीच्या पावत्या यांखेरीज काहीच नव्हते.

बहिणींचे यात काय चुकले? मृत्युपत्र न करता वारलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. वडिलोपार्जित मिळकतीतील तिचा समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली, तर केंद्राने २००५ साली मान्य केला. भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणींचा नव्हे.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत वा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. घरपट्टीची नोंद तर केवळ करवसुलीपुरती असते.

मुद्रांक शुल्काचा भार मध्यमवर्गीयाला जड जातो, हे खरे. तथापि ते वाचविण्यासाठी अवघी पुंजी पणाला लावणे, हा कोणता हिशेब? राहते घर मुलांना वा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी मिळकत पत्रिका पाहावी, वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा, सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा. ज्यांना हे कागद वाचता येतात, त्या शिक्षक-कारकुनांनी ते शेजाऱ्यालाही समजावून द्यावेत. गुरुजींना व्यवहारापूर्वी कोणी एवढे सांगितले असते, तर उतारवयात त्यांच्यावर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली नसती.