खेळांतलें ग्रहण

अंतराळयान हांकण्याच्या कांहीं संगणकी खेळांत तारीख मागें नेतां येते. आम्हीं अंधेरीस घरीं बसून २२ जानेवारी १८९८ हा दिवस योजिला. यान उंच नेऊन पाहतां चंद्राची छाया काळ्या ठिपक्याप्रमाणें विजयदुर्गावरून जेऊरकडे धांवतांना दिसली. त्या दिवशीं विजयदुर्गास लॉकयर व जेऊरास नेगमवाला हे ज्योतिर्विद खरोखरच उपकरणें मांडून बसले होते. अंधेरी ठिपक्याबाहेर; म्हणून येथें ग्रहण खंडग्रासच झालें. सूर्यास कांहींच झालें नव्हतें. सावलींत आपली भूमि आली होती. सूर्य चंद्राच्या सुमारें चारशेंपट मोठा आणि तितकाच दूर, म्हणून हा लपंडाव साधतो. मुलांनो, पडद्यावरील सूर्याकडे खुशाल पहा. परंतु आकाशांतील खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं क्षणभरही पाहूं नका. तेथें खेळ पुन्हा मांडतां येत नाहीं.