घेवड्याची कात्री

घेवड्याला विषाणूची लागण झाली तर झाड काही करतं, की नुसतं सोसतं? परसबाग फुलवणाऱ्या एका वाचकभगिनींचा हा प्रश्न. याचं उत्तर पानावरच उमटतं.

पिंटो जातीच्या घेवड्याच्या कोवळ्या पानावर खरखरीत पूड भुरभुरून तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा रस हलक्या बोटाने चोळला, की दोन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उठतात. रोग फोफावला असं वाटतं, पण तिथे तो अडलेला असतो. वणवा पुढे सरकू नये म्हणून जाळरेषा काढतात ना, तशा विषाणू शिरलेल्या जागच्या पेशी स्वतःच मरून त्याची वाट तोडतात.

त्याच सुमारास पानात नवी प्रथिनं साठू लागतात. १९७० मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ती तंबाखूत स्वतंत्रपणे टिपली. पुढे अल्फाल्फा मोझॅक विषाणूने ग्रासलेल्या घेवड्यातही ती सापडली. गंमत पुढेच आहे. यातली काही प्रथिनं कायटिन कापणारी कात्री आहेत. कायटिन बुरशीच्या पेशीभित्तिकेत असतं, किड्यांच्या कवचात असतं. विषाणूत त्याचा मागमूसही नाही! मग घेवडा ही कात्री कुणासाठी परजतो?

फ्रेंच संशोधकांना याचा धागा पाऱ्यात मिळाला. मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं संयुग दिलं तरी घेवड्याची पानं तशीच प्रथिनं बनवतात. म्हणजे हाक शत्रूच्या नावाने जात नाही, पेशींवरच्या संकटाच्या नावाने जाते. गावात दवंडी पिटली की ज्याच्या हाती जे असेल ते घेऊन तो धावतो, तसंच हे.

म्हणून या प्रथिनांना ‘वनस्पतींच्या अँटिबॉडी’ म्हणणं मला पटत नाही. अँटिबॉडी नेमका शत्रू ओळखते. यातल्या एका प्रथिनाचं जनुक तंबाखूत घालून ते सतत बनत ठेवलं, तरी मोझॅक विषाणू रोखला गेला नाही. केवड्यासारखा रोग मात्र कमी झाला.

इथे रेमंड व्हाइट हे नाव ठळक अक्षरांत लिहायला हवं. १९७९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात त्यांनी तंबाखूच्या पानात चक्क ॲस्पिरिन टोचलं. नंतर विषाणू चोळला, तर ठिपके फारच कमी उठले आणि तीच प्रथिनं विषाणूशिवायही दिसली. वनस्पतीची दवंडी सॅलिसिलिक आम्ल पिटतं, आणि ते ॲस्पिरिनचं जवळचं भावंड आहे, हे उलगडायला १९९० उजाडलं.

पण ताई, ॲस्पिरिन फवारायला धावू नका. व्हाइट यांनी ते विषाणूच्या आधी दिलं होतं. मोझॅक पानोपानी पसरल्यावर दवंडी पिटून वेल बरा होत नाही. असा वेल उपटा, मावा आवरा आणि त्याचं बी मुळीच राखू नका. घेवड्याचा नेहमीचा मोझॅक विषाणू बियांतून पुढच्या पिढीत उतरतो.