कागदावरचा ‘जे’ आणि लेकराचा श्वास

थंडी पडली की भोंगवलीत घरटी एक तरी नाक वाहतेच. परवा तिथल्या एका सूनबाईंनी दवाखान्याचा कागद पुढे केला. दीड वर्षाच्या पोराला सर्दी-खोकला, अंगात कणकण. कागदावर औषधाच्या वर लिहिले होते, ‘जे ०६.९’. “दादा, हा कसला नंबर? काही वाईट तर नाही ना?”

मंडळी, जमिनीला गट नंबर असतो, तसाच दुखण्यालाही असतो. फ्रान्सच्या जाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तीच पुढे वाढत गेली. तिच्या दहाव्या आवृत्तीला, जी १९९० साली मंजूर झाली, श्वासाच्या दुखण्यांसाठी ‘जे’ हे अक्षर आहे. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे, पण या कागदावरचा आकडा दहावीचा.

जे ०० म्हणजे साधे पडसे. ०१ म्हणजे नाकालगतच्या पोकळ्या सुजणे. यात कपाळ, गाल ठणकतात. ०२ घसा, ०३ टॉन्सिल, ०४ आवाज बसवणारी सूज. ०६ केव्हा? एकाहून जास्त जागा धरल्या असतील किंवा नेमकी जागा ठरत नसेल तेव्हा. सूनबाईंच्या कागदाचा अर्थ एवढाच, की वरच्या श्वासमार्गाला संसर्ग आहे, जागा नक्की नोंदलेली नाही.

ही दुखणी बहुतेक विषाणूंची. त्यांना सुई टोचून घेण्याचा हट्ट आपण करतो, तो वाया जातो. मात्र घशाचे आणि टॉन्सिलचे काही दुखणे स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचे असते. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. त्यातून पुढे एखाद्या मुलाला सांधेताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात.

आणि ०५? तोही याच वरच्या गटातला, पण फसवा. कुत्रे भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना घरघर असेल तर रात्र असली तरी निघावे.

खरा बांध मात्र पुढे आहे. फुफ्फुसाचा न्यूमोनिया जे १२ ते १८ मध्ये येतो, आणि पोरे दगावतात ती मुख्यतः त्याने. सुरुवात दोन्हीकडे खोकल्यानेच. मग ओळखायचे कसे?

हे आपल्याच गडचिरोलीत करून दाखवले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत आरोग्यसेवकांना आणि दायांनाही न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया समजायचा. उपचार झालेल्या शंभर मुलांत एकही पुरते दगावले नाही, प्रमाण ०.८ टक्के. हे निष्कर्षही १९९० सालीच छापून आले.

घरी मोजायचे ते असे. पोर शांत किंवा झोपलेले असावे. अंगडे वर करून पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पीत नसेल, मलूल पडले असेल, तर मोजणीसाठीही थांबू नये. दोन महिन्यांच्या आतले बाळ तर साध्या तापालाही दाखवावे.

सूनबाईंनी मोबाइलमधले घड्याळ लावले. सासूबाईंनी सदरा वर केला. पहिल्यांदा पोर रडले म्हणून मोजणी सोडून दिली. दूध पाजून झोपवल्यावर पुन्हा मोजली. ३४ भरले. झोपण्याआधी परत एकदा मोजू, असे म्हणत सासूबाईंनी कागद फडताळात ठेवला.