वार्धक्यांतील अंतर्गळ आणि सांथीचा ज्वर

दुखणें अंगावर काढणें हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा जुना स्वभाव आहे. आणि तें जांघेंतलें असलें म्हणजे सुनांलेकींस कळूं न देण्याकडेच त्यांचा कल असतो. अंतर्गळाच्या बाबतींत हा संकोच जिवावर बेततो, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

हा रोग नवा नव्हे. सुश्रुतानें सांगितलेल्या सात वृद्धींत अंत्रवृद्धि ही एक असून, भार उचलणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें अशीं तिचीं कारणें त्यानें दिलीं आहेत. पोटाची भिंत जेथें दुबळी होते तेथून आंतड्याचा भाग बाहेर येतो. निजल्यावर तो आपोआप आंत जातो तोंवर विशेष भय नसतें. परंतु एखादे वेळीं तो अरुंद वाटेंत अडकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि कांहीं तासांतच आंतडें मरूं लागतें. मग शस्त्रक्रियेवांचून गति नाहीं.

यांत ज्वराचा संबंध कोठें येतो? एक तर खोकल्याच्या उबळीनें पोटांतील दाब वाढून जुना अंतर्गळ अडकण्याचा संभव असतो. दुसरें, फुप्फुसें विषाणूंनीं आधींच दुबळीं केलीं असतां भूल व शस्त्रक्रिया यांचा ताण वृद्ध शरीरास सोसणें कठीण जातें. २०२० सालच्या कोविडच्या सांथींत याचें प्रत्यंतर आलें. शस्त्रक्रियेच्या सुमारास संसर्ग झालेल्या, २४ देशांतील १,१२८ रोग्यांची माहिती त्या सालच्या मे महिन्यांत ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया नानाविध होत्या. तथापि तीस दिवसांत शेंकडा सुमारें २४ रोगी दगावले, आणि सत्तरीचे वा त्यापुढचे, पुरुष व तांतडीची शस्त्रक्रिया झालेले यांस धोका अधिक दिसला. म्हणून २०२१ सालीं, योजून करावयाची शस्त्रक्रिया संसर्गानंतर सात आठवडे पुढें ढकलावी असा सल्ला निघाला; लसी आल्यावर ही मुदत शिथिल झाली.

परंतु हा सल्ला अडकलेल्या अंतर्गळास लागू नव्हे. तेथें थांबणें हाच मोठा धोका. रोगी लवकर आला तर पुष्कळदां जांघेपुरती किंवा कण्यांतून भूल देऊन काम भागतें व फुप्फुसें वांचतात. उशीर होऊन आंतडें कापावें लागलें, कीं पूर्ण बेशुद्ध करण्याची पाळी येऊं शकते. म्हणजे संसर्ग असलेल्या वृद्धास एकेक तास दुप्पट मोलाचा होय.

तेव्हां गृहस्थांनीं व गृहिणींनीं इतकें ध्यानांत ठेवावें. फुगवटी आंत जाईनाशी झाली, कठीण व दुखरी झाली, वांत्या सुरू होऊन वारा व शौच बंद झालें, तर रात्र असली तरी शस्त्रवैद्य असलेलें रुग्णालय गांठावें. एरंडेल देऊं नये, शेकूं नये, फुगवटी बळेंच आंत लोटूं नये, खाण्यापिण्यास कांहीं देऊं नये. ज्वर वा खोकला असल्यास, डॉक्टर परत पाठवितील या भीतीनें तो लपवूं नये. तो कळला तर भुलेची योजना त्याप्रमाणें करतां येते. वृद्ध स्त्रियांत मांडीच्या मुळाशीं लहानशी गांठ असते, तीही अडकते व सहज नजरेआड होते.

सर्वांत बरें तें हें, कीं प्रकृति ठीक असतांनाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वडील आपण होऊन सांगणार नाहींत. मुलांनींच एकदां धीर करून विचारावें.