मज्जापेशी आणि न दुखणारा चट्टा

तापलेल्या तव्याला चुकून बोट लागले, की हात झटकन मागे येतो आणि ‘भाजले’ हे मागाहून कळते. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूने दिलेला नसतो. बोटाच्या त्वचेतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोचतो, तेथूनच दंडाच्या स्नायूंना आज्ञा सुटते आणि मेंदूला झाल्या प्रकाराची वर्दी तेवढी नंतर मिळते. तातडीच्या प्रसंगी निर्णय गावपातळीवरच व्हावा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अहवाल मागाहून जावा, अशीच ही व्यवस्था होय.

ही कामगिरी ज्या पेशी पार पाडतात त्यांना मज्जापेशी म्हणतात. शालेय पुस्तकांतून त्यांचा उल्लेख ‘चेतापेशी’ असाही आढळतो, अर्थ एकच. मानवी मेंदूत या पेशी सुमारे ८,६०० कोटी असतात. पूर्वी १०,००० कोटी हा आकडा सर्रास सांगितला जाई; २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी मोजणीची नवी पद्धत वापरून पाहिली, तेव्हा तो काहीसा कमी भरला. मज्जापेशींच्या जोडीला जवळजवळ तितक्याच आधारपेशी असतात. त्यांना दुय्यम समजण्याची चूक पुष्कळ वर्षे होत आली.

मज्जापेशीची रचना इतर पेशींहून अगदी निराळी आहे. तिच्या मुख्य भागाला, म्हणजे पेशीकायेला, झाडाच्या फांद्यांसारखे अनेक फाटे असतात. इतर पेशींकडून येणारे संदेश बहुधा या फाट्यांवर घेतले जातात. पेशीकायेतून एक लांब तंतू निघतो. त्यातून संदेश पुढे जातो. पेशीकाया मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून सहसा मोठी नसते. पण कमरेजवळच्या मज्जारज्जूतून पावलापर्यंत जाणारा तंतू जवळजवळ १ मीटर लांब भरतो. पेशीकाया लिंबाएवढी कल्पिली, तर तिचा तंतू अर्धा किलोमीटर लांब जाईल. अशा हजारो तंतूंची जुडी म्हणजे शरीरशास्त्राच्या चित्रात पिवळ्या दोरीसारखी दाखविलेली नस होय.

या पेशी प्रथम स्पष्ट दिसल्या त्या इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांना. १८७३ साली त्यांनी चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली. पुढे १८८८ पासून स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच युक्ती सुधारून वापरली आणि प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते, असे प्रतिपादन केले. गॉल्जी मात्र हे सारे एकसंध जाळे आहे असेच मानीत राहिले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गॉल्जींनी आपले मत सोडले नाही. काहाल यांचेच म्हणणे खरे ठरले.

तंतूतून संदेश जातो तो विजेच्या तारेतून वीज जावी तसा नव्हे. वाळलेल्या गवताच्या पट्ट्याला एका टोकाशी काडी लावली, की पेटलेली काडी पुढच्या काडीला पेटविते आणि आग तशीच पुढे सरकत जाते. तंतूत साधारण असेच घडते. विश्रांतीच्या स्थितीत तंतूच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. संदेश आला, की तेवढ्या जागेची सूक्ष्म दारे उघडतात, मिठातील सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि दाब क्षणभर उलटा होतो. लगोलग पोटॅशियमचे कण बाहेर पडून तो पूर्ववत होतो. एवढा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो आणि तोवर पुढची जागा ‘पेटलेली’ असते. ब्रिटनच्या हॉजकिन व हक्सले यांनी माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली हे गणिताने मांडले. पेटणे अर्धवट होत नाही. होते तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही. म्हणून टोचणी जोराची असली तरी एकेक संदेश मोठा होत नाही, ते अधिक दाटीने येऊ लागतात.

हा वेग मोजताच येणार नाही, असे एके काळी नामवंत शास्त्रज्ञांचेही मत होते. १८५० साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्स यांनी बेडकाच्या नसेवर तो मोजला आणि तो सेकंदाला ३० मीटरच्या आतबाहेरच निघाला. माणसाच्या शरीरात मात्र सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. येथे आधारपेशींचे काम दिसते. हातापायांच्या नसांत श्वान नावाच्या पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचे नाव त्यांना दिलेले आहे. मराठी वाचकाने त्यावरून गैरसमज करून घेऊ नये. या पेशी जाड तंतूभोवती चरबीयुक्त पडद्याचे वेढे घालतात. वेढ्यांमध्ये थोड्याथोड्या अंतरावर उघडी जागा असते आणि संदेश एका उघड्या जागेवरून दुसरीवर उडी घेत जातो. असे तंतू सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेग गाठतात. ठणक वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंना असे वेढे नसतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीएवढाच. पायाच्या अंगठ्याला ठेच लागल्याचे ताबडतोब कळते आणि खरी कळ क्षणभराने येते, ती यामुळेच.

तंतूच्या टोकाशी संदेश थांबतो, कारण पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते. मधली फट मिलिमीटरच्या सुमारे ५० हजाराव्या भागाएवढी असते. ती ओलांडायची तर टोकाशी साठविलेले रासायनिक द्रव्य फटीत सोडावे लागते. १९२१ साली ऑटो लोव्ही यांनी हे बेडकांच्या दोन हृदयांवर दाखविले. एका हृदयाची नस उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तेही मंदावले. प्रयोगाची ही कल्पना त्यांना झोपेत सुचली होती. पहिल्या रात्री लिहून ठेवलेले सकाळी त्यांना स्वतःलाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

ही फट खेड्यातील माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण मण्यार आणि नाग यांचे विष नेमके येथे घाव घालते. नागाचे विष स्नायूच्या बाजूला, रासायनिक निरोप घेणारी जागा अडविते. मण्यारीचे विष नसेच्या टोकालाच निकामी करते. मण्यार रात्री हिंडते, तिचे दात बारीक असतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश झाल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र जागा असू शकतो. हालचाल नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, म्हणून ज्याला गेला असे समजले जाते, तो भोवतालचे बोलणे ऐकत असण्याचा संभव असतो. अशा रोग्याला सर्पविषविरोधी लस द्यावीच लागते. परंतु निकामी झालेली टोके त्या लसीने परत येत नाहीत. ती नव्याने तयार होईपर्यंत, कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा लागतो. मांत्रिकाकडे घालविलेला एकेक तास येथे जिवावर बेततो.

मण्यारीचा दंश दुखत नाही. कुष्ठरोगाचा चट्टाही दुखत नाही. दोन्हींची फसगत सारखीच आहे. फरक एवढाच, की एकीला एक रात्र पुरते आणि दुसऱ्याला वर्षे लागतात.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांना १८७३ साली, म्हणजे गॉल्जींची युक्ती निघाली त्याच वर्षी, दिसले. हे जंतू मुक्काम करतात तो मुख्यतः वर सांगितलेल्या श्वान पेशींत. त्यांना थंड जागा मानवते. म्हणून कातडीलगतच्या नसा, कोपर, गुडघ्याची बाहेरची बाजू, कानाची पाळी व चेहरा हे भाग अधिक सापडतात. त्यांची वाढ अतिशय मंद असते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा २ ते ५ वर्षे आणि कधी २० वर्षेही जातात. पहिल्यांदा पुष्कळदा उष्ण व थंड यांतला फरक जातो, मग हलका स्पर्श, मग वेदना. कोपराच्या आतल्या बाजूची नस, जी आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती जाड होते; करंगळी व अनामिका वाकू लागतात.

या रोगाने बोटे सडून झडतात, असा समज शतकानुशतके होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे रोजचे व्यवहार बारकाईने पाहिले. बोटे झडत नव्हती. ती इजेने जात होती. वेदना नसल्याने माणूस तापलेले भांडे सोडीत नाही, रुतलेला काटा काढीत नाही, फोड आलेल्या पायावर तसाच मैलभर चालतो. वेदनेच्या बारीक तंतूंचे काम बंद पडले, की शरीराची राखण उरत नाही. वाकलेल्या बोटांसाठी निरोगी स्नायूचा कंडरा वळवून बसविण्याच्या शस्त्रक्रिया तेथे विकसित झाल्या आणि अनेकांचे हात पुन्हा कामाला लागले.

औषधाचा प्रश्न सुटलेला आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार तो ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो; त्याला घराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे १ रुग्णाच्या खाली आले. तरीही पुढील काळात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले. औषध जंतूंना मारते; मेलेली नस मात्र त्याने जिवंत होत नाही.

नस अजिबातच भरून येत नाही, असे मात्र नाही. पेशीकाया शाबूत असेल, तर तुटलेला तंतू श्वान पेशींच्या नळीतून दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. कोपरापासून बोटापर्यंत जायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो. जुन्या कुष्ठरोगात ही नळीच उद्ध्वस्त झालेली असते, हीच खरी अडचण. म्हणूनच नस दुखू लागल्यापासून किंवा बधिरता व अशक्तपणा जाणवू लागल्यापासून ६ महिन्यांच्या आत सूज उतरविणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळाली, तर पुष्कळदा गेलेली शक्ती परत येते. त्यानंतर ती आशा कमी होत जाते.

चट्ट्याची प्राथमिक पाहणी आशा कार्यकर्तीला किंवा शिक्षकालाही करता येते. चट्टा फिकट वा तांबूस असतो, त्याला खाज नसते, त्यावर घाम कमी येतो. रुग्णाला डोळे मिटण्यास सांगून बंद पेनच्या टोकाने आधी चांगल्या कातडीला व मग चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा आणि स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे. रोगाच्या प्रत्येक प्रकारात चट्टा बधिर असतोच असे नाही. कानाची पाळी जाड होणे किंवा पायातली चप्पल नकळत निसटणे हीही लक्षणे मानावीत. स्पर्शाची जागा दाखविता आली नाही किंवा यांपैकी काही आढळले, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.