दोन हेक्टरांतला मासा

सिंधुदुर्गातल्या आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचं मंदिर आहे. तिथल्या पाण्यात दगडगोट्यांच्या आडोशाने राहणाऱ्या एका चिमुकल्या माशाला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे शास्त्रीय नाव मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. २००२ च्या जैवविविधता कायद्यात तशी तरतूद आहे. वाघासाठी जंगल राखणं आपल्या अंगवळणी पडलंय. बोटभर माशासाठी सरकारने जागा राखावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या दोन हेक्टरांतलं पाणी वरच्या डोंगरातून झिरपत येतं. तिथली झाडं तुटली, जमिनीतल्या पाण्याचा उपसा वाढला, तर राखीव जागेला धक्का न लागताही झरा आटेल.

जागतिक उद्दिष्टांतही अशीच फट आहे: जागा राखली जाते, पाणी निसटतं. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखायचा. त्यात नद्या-तळ्यांचा उल्लेख आहे, पण जमिनीच्या जोडीनेच. म्हणजे एखाद्या देशाने भरपूर जंगल राखलं आणि नद्या मरू दिल्या, तरी हिशेब जुळू शकतो. भारताने २०२४ मध्ये आपली जैवविविधतेची २३ राष्ट्रीय उद्दिष्टं मांडली. ती राबवताना तरी नदीचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. जगातल्या माशांच्या जवळपास निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०११ च्या पाहणीत पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आढळल्या होत्या.

जागेपुरतं संरक्षण श्रद्धेनेही होतं. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीर कोणी पकडत नाही. कायद्याच्याही आधीपासूनचं हे संरक्षण, आणि ते मोलाचं आहे. मात्र महाशीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उथळ खडकाळ पाण्यात जातो. वाटेत बंधारा आला की डोहातले मोठे मासे वाचतात, पिल्लावळ खुंटते.

म्हणून हेक्टरांइतकंच वाहतं पाणी मोजायला हवं. गंगेच्या बाबतीत केंद्राने २०१८ मध्ये तसं केलं: उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात धरणांनी कोरड्या महिन्यांत किमान २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के प्रवाह सोडलाच पाहिजे. हिरण्यकेशी पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. या नद्यांसाठीही असेच आकडे, महिन्यागणिक, ठरायला हवेत.