पंचवटीचा बैरागी, सरहिंदचा विजेता

नाशिक आणि नांदेड ही एकाच गोदावरीच्या काठावरची दोन क्षेत्रे. नाशिकला प्रभू रामचंद्रांचे स्मरण जडलेले, तर नांदेडला दहावे शीख गुरू गोविंदसिंग यांचे. या दोहोंना जोडणारे एक विलक्षण आयुष्य अठराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेले. पंजाबात ते घरोघर ठाऊक आहे; पंचवटीत मात्र त्याचे नाव क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट होय.

बंदासिंग बहादूर याचा जन्म १६७० साली राजौरीचा, मूळ नाव लछमनदेव. शिकारीत मारलेली हरिणी गाभण निघाली, तिची पाडसे डोळ्यांदेखत मेली आणि या तरुणाने धनुष्य टाकून बैराग्याची वाट धरली, अशी कथा आहे. परंपरा असे सांगते की, माधोदास हे नाव घेऊन तो फिरत फिरत नाशिकला आला, पंचवटीत औघडनाथ नावाच्या योग्याजवळ राहून योग आणि तंत्रविद्या शिकला व पुढे नांदेडला त्याने आपला मठ थाटला.

१७०८ साली बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले. त्यांच्या व माधोदासाच्या भेटीभोवती चमत्कारांच्या पुष्कळ गोष्टी रचल्या गेल्या आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी जे उरते ते चमत्काराहून थोडे नाही. चार पुत्र गमावलेला एक पिता समोर उभा होता. त्यांतील दोघे कोवळ्या वयाचे, सरहिंदला फौजदार वजीरखानाच्या हुकमाने मारले गेलेले. हरिणीच्या पाडसांसाठी शस्त्र टाकणाऱ्या माणसाने आता शस्त्र पुन्हा हाती घेतले. आपण गुरूंचा ‘बंदा’, म्हणजे दास, असे त्याने सांगितले आणि तेच त्याचे नाव झाले. पाच बाण, निशाण, नगारा, पंजाबातील शिखांना लिहिलेले हुकूमनामे आणि मोजके सोबती एवढ्या सामग्रीनिशी तो उत्तरेस निघाला. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला.

फौज त्याला मिळाली ती वाटेत, आणि मुख्यतः नांगर धरणाऱ्यांची. नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना पडले. मे १७१० मध्ये छप्पर चिरीच्या रणात वजीरखान मारला गेला व सरहिंद हाती आले. यानंतर त्याने जे केले ते लढाईहून मोठे मानावे लागेल. जमीनदारी मोडून त्याने कसणाऱ्यालाच जमिनीचा धनी केले. राजधानी लोहगडाला, हा लोहगड मावळातला नव्हे, शिवालिकच्या डोंगरातला. तेथून नाणी निघाली ती गुरूंच्या नावाने. स्वतःचे नाव नाण्यावर घालण्याचा मोह किती विजेत्यांना आवरला आहे?

गुरदास नंगल येथे आठ महिन्यांच्या वेढ्यात उपासमार सोसून डिसेंबर १७१५ मध्ये तो पकडला गेला. दिल्लीत सातशेहून अधिक कैद्यांची रोज शंभर याप्रमाणे शिरे उतरली. त्या वेळी दिल्लीत असलेल्या इंग्रज वकिलांनी कलकत्त्याला कळविले की, एकानेही धर्म सोडल्याचे आढळले नाही. जून १७१६ मध्ये, डोळ्यांपुढे लहान मुलाला मारल्यानंतर, बंदासिंगाला हालहाल करून ठार करण्यात आले. ही शिक्षा देणारा बादशहा फर्रुखसियर १७१९ साली पदच्युत झाला, तेव्हा बाळाजी विश्वनाथाबरोबर गेलेली मराठी फौज दिल्लीत होती.